बिनगोळीचा पिक्चर

भाऊबीज सरली की केसलवाड्याची मंडई.
धान अर्धं बांधीत, अर्धं खळ्यावर,
आणि आमचा तंबू शाळेमागच्या पडीत जागेत.
मालकानं नागपूरहून पेटी आणली स्वस्तात.
पोस्टरवर रणगाडा, मागं आगीचा लोळ.
भोंगा घेऊन मीच ओरडत फिरलो गावभर:
लढाईच लढाई, शेवटपर्यंत लढाई!

पडद्यावर वाळू.
सहा शिपाई, एक खंदक, एक कंदील.
एक जण बंदूक पुसतो. पुसून झाली की परत पुसतो.
एक मोजा शिवतो, चार मिनिटं नुसता मोजा,
दोरा सुईत जात नाही,
थुंकी लावतो, तरी जात नाही.
कुणीतरी म्हणतं, आज येतील.
कुणी उत्तर देत नाही.

पहिल्या रीळभर शिट्ट्या.
"मार कवा होते बे?"
"रणगाडा कोठी हाये? पोस्टरवरच मेला का?"
दुसऱ्या रिळात बाया उठल्या, लेकरं काखेला मारून;
पलीकडे दंडारीची ढोलकी तापली होती.
तिसऱ्यात मालकही उठला, गल्ला मोजायला,
मोजण्यासारखा नव्हता तरी.

मशीनच्या भोकातून पाहिलं:
एकच डोकं उरलेलं, मफलर गुंडाळलेलं.
उरकुडा लांजेवार.
दर पंधरा ऑगस्टला टोपी घालून शाळेत येणारा,
किती जण टिपले ते सांगणारा.
मी चौथीत होतो तेव्हा दोन होते,
सातवीत तीन झाले.

शेवटी रेडिओवर बातमी येते, लढाई संपली.
ते सहा जण खंदक बुजवू लागतात,
फावड्यानं, सावकाश.
एवढंच.

तो मशीनपाशी आला.
"मोज्याचं रीळ परत लावतं का?"
काका, कार्बन महाग हाये, मी म्हटलं.
त्यानं धोतराची गाठ सोडली,
चिल्लर मोजून माझ्या हातावर ठेवली.
दुसऱ्या तिकिटाची, पुरी.

लावलं.
तो पडद्याला इतका खेटून बसला
की वाळूचा उजेड त्याच्या मफलरवर सांडत होता.
सुई. दोरा. थुंकी.
"थुंकीनं नाही जात, बावा," तो पडद्याला म्हणाला,
"मेन लावा लागते."

मग बराच वेळ काही नाही.
मग, मागं न बघता:
"लढाई तेरा दिवस झाली. आमी पाच महिने होतो.
एका पुलाजोळ.
थो पूल कोनालेच पायजे नोहोता."

मग ते तिघं? मी विचारलं.
दंडारीतून हशा उसळला, मोठा.
त्याला ऐकू गेलं नसावं.

"गावात आलो त सारे पुसत," हे मला म्हणाला
की त्या मोज्याला, ठाऊक नाही,
"का सांगू? मुंग्या मोजल्या म्हनू?"

रीळ सरलं. पडदा पांढरा.
पट्टीचं टोक चाकावर फटफट आपटत राहिलं.
मी लगेच बंद केलं नाही.
तो त्या पांढऱ्याकडेच बघत बसला होता,
कुणी येणार असल्यासारखा.