कोरा नमुना

माहीमच्या पुलाखाली ओहोटी लागली
तेव्हा हिराजी केणींनी होडी बांबूला बांधली
आणि मी पाईप उभा धरून
मिठीच्या पोटात ढकलला.
पहिला हातभर सहज गेला, लोण्यात जावा तसा.
मग अडला.
"दाब," ते म्हणाले, "पिशवी असंल."
पिशवीच होती.

वर आला तेव्हा पाईपमध्ये पाऊण हात काळोख,
वरून मऊ, तळाशी घट्ट,
नासक्या अंड्याचा वास.
केणींनी नाक धरलं नाही.
चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळून पाहिला,
पीठ बारीक दळलंय का बघतात तसा.
"आमी या चिखलान हात घालून निवट्या धरीत होतो.
बिलाला दोन तोंडां. एकावर पाय, दुसऱ्यान हात."
पुढे काही बोलले नाहीत.
बोटं नदीतच धुतली.

प्रयोगशाळेत मी तो कापते
अळूवडीच्या उंड्यासारखा,
दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या.
चकतीला चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा.
साल लिहू नकोस, देवस्थळी मॅडम म्हणाल्या,
हा गाळ दोनदा उपसलाय,
कुठलं साल कुठल्या डंपरमधून कुठे गेलं
कोण सांगणार.
म्हणजे माझ्याकडे नुसती खोली आहे,
इतिहास नाही.

मग रात्रभर ओव्हन, सकाळी चाळण,
आणि मग मिठाचं पाणी,
इतकं खारट की आणखी एक कण विरघळणार नाही.
मिठी मिठात घालायची आणि गप्प बसायचं.
माती खाली बसते. तिला जागा माहीत असते.
इतकी वर्षं तिच्याखाली दडपलेलं
हळूहळू वर येतं.

भिंगाखाली
निळा धागा, स्वतःभोवती गुंडाळलेला.
निळा धागा.
हिरवा तुकडा, कडा झिजलेल्या, बादली असेल, नाहीतर खुर्ची.
पांढरा मणी, कुणाच्या तरी गालावर चोळलेला.
लाल.
पुन्हा निळा.
मी वहीत रेघा ओढते, चार उभ्या, एक आडवी,
दूधवाल्याच्या हिशेबासारख्या.
चकती सात : एकशे बारा.
चकती आठ : मध्येच जांभई आली, पुन्हा मोजायची.

दर खेपेला सोबत एक कोराही चालवायचा असतो.
त्यात चिखल नाही, नदी नाही,
नुसतं गाळलेलं पाणी, तेच मीठ, तीच चाळण,
तेच हात.
तो कोरा निघाला
तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.
म्हणून सुती एप्रन. म्हणून पंखा बंद,
आणि मे महिन्यात कानामागून घाम
सरळ कॉलरमध्ये.

काल कोऱ्यात एक धागा निघाला.
शेवाळी. दीड मिलिमीटर. टोकाला फाटलेला.
त्याला ओळखायला मला भिंग लागलं नाही.
माझ्या कुडत्याची बाही
एप्रनमधून अर्धा इंच बाहेर राहिली होती.
उल्हासनगरहून आईने आणलेला, दोनशे साठ रुपये.
"आटत नाही, विटत नाही, इस्त्रीची कटकट नाही."
विटत नाही हे खरंय.
दर शनिवारी मी तो बादलीत खळबळून काढते,
पाणी मोरीत, मोरीचं गटारात,
गटार वाकोल्याच्या नाल्यात,
आणि नाला कुठे जातो
ते मला नकाशात बघावं लागत नाही.

मॅडमना सांगितलं. रागावल्या नाहीत.
कोऱ्यात जे सापडेल
ते प्रत्येक चकतीतून वजा कर, म्हणाल्या,
पद्धत आहे तशी.

संध्याकाळी केणींचा फोन.
"गावला काय त्यान?"
धागे, मी म्हटलं. कपड्यांचे.
"कोनाच्या?"
मागे कुणीतरी मासळी खवलत होतं,
सुरीचा आवाज येत राहिला.

चकती सात : एकशे अकरा.
आठवी आज मोजते आहे,
बाह्या कोपरापर्यंत दुमडून.