किसणी

ग्दिनियाच्या गोदीत दुपारचा भोंगा होतो
आणि चाळीस वेल्डर माझ्या खिडकीशी येतात,
भुवया होरपळलेल्या, हातांना लोखंडाचा वास.
त्यांना हवी डुकराची चरबी, पांढरा पाव
आणि वर मीठ, न चाखताच.

मी कुणाला उपदेश केला नाही.
त्यासाठी चर्च आहे, घरी बायका आहेत.
मी फक्त खिम्याच्या गोळ्यांत बीट किसलं,
आधी एक, पुढच्या महिन्यात तीन.
सूपमध्ये बार्ली वाढवली,
चरबी चमच्याने मोजू लागले
जशी आई साखर मोजायची रेशनच्या दिवसांत.

मिरेकने गोळा फोडून पाहिला.
"लाल का गं?"
"मांस ताजं आहे," म्हटलं. देव माफ करो.

मीठदाण्या मात्र एका सोमवारी
सरळ कपाटात टाकल्या.
दंगाच झाला. कुणी म्हणालं, संप करू.
गुरुवारी कुणीतरी जास्तीचा शेपू मागितला.

तादेउश मार्चमध्ये परतला,
छातीत स्टेंट, चेहरा जुन्या टॉवेलसारखा.
डॉक्टरचा कागद त्याने खिडकीतून सरकवला:
काय खायचं, काय नाही.
वाचला. वर्षभर हेच तर वाढतेय.
बोलले नाही.

ताट परत द्यायला आला तेव्हा
वाकून हळूच म्हणाला,
"बीट घालतेस ना? बायकोला सांगायचंय, किती ते."

"बायकोला कशाला?
शनिवारी तूच ये. किसणी देते हातात.
बोटं तेवढी सांभाळ."