शंभर शब्दांत परिचय

प्राचार्य म्हणाले, शिकलगार मॅडम, तुम्ही ओळखत होता त्यांना,
शंभर शब्दांत परिचय द्या. फ्लेक्सवर जायचाय. चारपर्यंत.

ओरिएत्ता तोंदिनी.
जन्म पिएमोन्तेतल्या एका डोंगरगावी.
लेखिका, स्त्री-अभ्यासाच्या प्राध्यापिका.
तीन कथासंग्रह, सहा अभ्यासग्रंथ, अर्धी कादंबरी.
अर्धी छापत नाहीत, खोडली.
एवढे शब्द गेले आणि ती अजून
तासगावच्या स्टँडवर उतरलेलीसुद्धा नाही.

उतरली तेव्हा शहाऐंशीचा डिसेंबर.
एका हातात टाइपरायटर, दुसऱ्यात केळ्यांची फणी.
मी दुभाषी, नुकती बी.ए. झालेली, रोज वीस रुपये.
तिच्या कागदावर विषय होता, शिक्क्यासकट:
नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रिया.

मणेराजुरीच्या बागेत विरळणी चाललेली.
मांडवाखाली बायका, माना वर, हातात बारक्या कात्र्या,
कच्चे मणी गळत होते डोक्यांवर, पदरात, चहाच्या कपात.
तिने विचारलं, मी मराठीत आणलं:
तुम्हाला नवऱ्यानं कधी टाकलं?
अंजिराक्कानं हातातला घड सोडला नाही.
"मला कोण टाकतंय? मीच आलो निघून.
दोन पातेली घेतली, शेरडी घेतली, आलो."

मी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत त्यातलं
पातेली आणि शेरडी तेवढी पोचली.
पण तिनं माझं मनगट धरलं.
तो शेवटचा ओ, म्हणाली. परत.
आमच्याकडं ओ पुरुषाचा, आ बाईचा. तुमच्याकडं?
ओ पुरुषाचाच, मी म्हटलं. पण इकडच्या बायका
बोलतात तशाच. अडाणी आहेत.

हा शब्द मी म्हटला.
पुण्याच्या हॉस्टेलात तीन वर्षं घासून घासून
मी माझं आले, गेले, जेवले चकचकीत केलं होतं.
अम्मी मात्र बाजारात म्हणायची, देतो की पैसे, पळून जातो काय मी?
आणि मी चार पावलं मागं चालायची.

तिनं शिक्क्याचा कागद वहीत घातला
आणि कात्री मागितली.
तिची आई दुसऱ्यांच्या मळ्यात द्राक्षं खुडायची,
हे तेव्हा कळलं, तिची बोटं बघून.

पुढचं कुठल्याही कोशात मिळेल:
एका स्वरावर ग्रंथ होत नाही, असं तिच्या विद्यापीठानं कळवलं,
प्राध्यापकपद नऊ वर्षं उशिरा आलं,
त्या नऊ वर्षांत तिनं कथा लिहिल्या
आणि सात हिवाळे इथं काढले.
कोशात हे नाही, की वेल
तो पण आणि ती पण, हे कळल्यावर
ती बांधावर बसून एकटीच हसत होती.
हेही नाही, की पुण्याच्या परिसंवादात
ती उठली, म्हणाली, मी तोंदिनी, मी सांगतो,
आणि सभागृह हसलं.
एका सद्गृहस्थांनी प्रेमानं दुरुस्त केलं.
ती म्हणाली, आभारी हाय.
ज्यांनी शिकवलं, मी त्यांच्यासारखा बोलतो.
मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटचं पत्र रोमन लिपीत, मराठीत,
वृद्धाश्रमातल्या बाईकडून लिहवून घेतलेलं, स्पेलिंगा दिव्य:
मी म्हातारी झालो. इथं खिडकीतनं एक वेल दिसती.
अंजिराला सांग.
अंजिराक्का त्याआधीच दोन वर्षं गेली होती,
रेशनकार्ड स्वतःच्या नावावर करून.

तीन पंचावन्न. शब्द मोजले, एकशे दोन.
'विख्यात' काढला, 'विदुषी' काढला.
फोनवर लिहिलं: सर, परिचय पाठवतो.
बोट थांबलं. मग दाबलंच.

लगेच उत्तर:
मॅडम, 'पाठवते' हवं ना?
खाली हसरा चेहरा.

तास संपल्याची घंटा झाली.
पिशवी उचलली, पंखा बंद केला,
मी निघालो.