पाव वर्तुळ

शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ
वेंगुर्ल्याच्या शाळा नंबर चारमध्ये, वरच्या मजल्यावर,
निरंतर शिक्षणाचा वर्ग भरतो : गृहसजावट, सहा महिने.
बाकं सातवीच्या पोरांची, गुडघे वर येतात.
अकरा बायका आणि मी,
नवाबागेत होड्या रंगवणारा,
नखांत अजून तारींच्या 'समुद्रकन्या'चा निळा.

फी भरताना कारकुनाने दोनदा विचारलं,
नाव कुणाचं घालू?
माझंच घाल म्हटलं. सहदेव बाबली गिरप.

सोनटक्के बाई कुडाळहून येष्टीने येतात,
पिशवीत पुठ्ठ्याचं रंगचक्र.
थंड रंग कोणते, उष्ण कोणते,
बायका भराभर उतरवून घेतात.
मला रंग होडीच्या नावाने आठवतात :
हा खवणेकरांचा हिरवा, दोन हात मागतो,
हा केरकरांचा पिवळा, आषाढात पापुद्रे सोडतो,
आणि पांढरा म्हणजे काही एकच पांढरा नव्हे,
पाण्याखालचा वेगळा, पाण्यावरचा वेगळा.

पुस्तक पुण्यात छापलेलं.
त्यात मखमली पडदे आहेत, गालिचे आहेत,
खिडकीबाहेर काहीच नाही.
रुबिना मुकादम उठून म्हणाली, बाई,
आमच्याकडे खिळा आठ दिवसांत गंजतो,
जुलैत चपलेला बुरशी येते,
हे मखमल वाळवायचं कुठं, चुलीवर?
बाई हसल्या, मग गप्प झाल्या,
मग फळ्यावरचा 'पडदे' पुसून त्यांनी विचारलं,
तुम्ही काय लावता?
त्या दिवशी वर्ग साडेआठला सुटला.

गृहपाठ : आपल्या घराचा आराखडा काढा.
एक फूट म्हणजे वहीतला एक चौकोन.
होडीचा वीत न् वीत हात फिरवून ठाऊक,
घराला कधी टेप लावली नव्हती.
पहिल्यांदाच घर वरून पाहिलं,
नळे, वासे, कोने काढून टाकलेलं,
घारीला दिसत असेल तसं.
चिऱ्याची भिंत जाड काढायची, खिडकी दोन रेघांची,
आणि दार, बाई म्हणाल्या, नुसतं काढू नका,
ते उघडतं कुठे तेही दाखवा.
पाव वर्तुळ.

कंपास नव्हता. सुतळीला पेन्सिल बांधली,
बिजागरीच्या जागी बोट दाबलं, फिरवली.
मागीलदाराची रेघ गेली ती थेट
ही मासे कापायला बसते त्या चौकोनांवरून.
उजेड तिथेच पडतो.
तेवीस वर्षं मी किनाऱ्यावरून येतो, दार ढकलतो,
आतून पाट सरकल्याचा आवाज येतो.
मला वाटायचं, तो दाराचाच आवाज.

बाईंनी तांबड्या शाईने शेरा दिला :
प्रमाण बरोबर. फर्निचर कुठे आहे?

मंगळवारी काम नव्हतं.
बिजागऱ्या उतरवल्या, चौकट दुसऱ्या अंगाने तासली,
जुन्या भोकांत खुंट्या ठोकून पुट्टी भरली.
आता दार भिंतीकडे उघडतं.
ही बाजारातून आली, टोपली डोक्यावर तशीच,
"सजावट शिकूक जातास की दारां उलटी करूक?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो, दार ढकललं.
ती पेडवे साफ करत होती,
अर्धी उठलेली, एका हातात पाट,
दार तिच्यापर्यंत आलंच नाही.
"आता माका उठूचा लागाचा नाय?"
आणि बसली, पण जरा वेळाने.

परीक्षा मार्चात आहे.
दाराला रंग अजून दिलेला नाही.
चौकटीवर तीन नमुने ओढून ठेवलेत, बोटाएवढे,
ही येता-जाता बघते, बोलत काही नाही.
काल मधल्या पट्ट्यावर
एक खवलं चिकटलेलं होतं.
बाईंना विचारायचंय,
याला निवड म्हणायची का.