तीन चालत नाही

सेलूत मोंढ्यामागं, पत्र्याच्या दुकानावरच्या खोलीत
कादरी सर आम्हा सतरा नंबरवाल्यांना शिकवतात.
सतरा हा फॉर्मचा नंबर. माणसं आम्ही सहा.

"कुशावर्ताबाई, फळ्यावर या."

फळ्यावर होतं:
क्ष भागिले क्ष वजा तीन
बरोबर
तीन भागिले क्ष वजा तीन, अधिक दोन.

खडू घेतला तर बोटांना हळदीचा वास.
शाळेची खिचडी शिजवून आलेली मी,
वर-खाली मांडणं मला नवं नाही.
वर भगुणं, खाली ताटं,
असा माझा रोजचा अपूर्णांक.

सर म्हणाले, छेदाला भिऊ नका,
ओझं आहे ते, उतरवून ठेवा.
पण उतरवायच्या आधी कोपऱ्यात लिहा:
क्ष तीन नाही.
मी लिहिलं. कामून, ते विचारलं नाही.

मग एकूण एक पद
क्ष वजा तीननं गुणलं.
त्या दोनालाही, ज्याच्या खाली काहीच नव्हतं.
मागच्या खेपेला नेमकं तेच राहिलं होतं,
पंगतीच्या टोकाचं लेकरू वाढायचं राहावं तसं.

छेद गेले.
सारवल्यावाणी दिसायला लागला फळा.
क्ष बरोबर तीन, अधिक दोन क्ष, वजा सहा.
इकडचं तिकडं, चिन्हं पालटून,
आणि तळाला आलं
क्ष बरोबर तीन.
मागून अनसूयानं टाळीसुद्धा वाजवली.

सर बोलेनात.
कोपऱ्यातल्या ओळीवर नुसती टिचकी मारली.

"कुठं चुकलं सर? एक पायरी दाखवा!"
भांडलेच मी. दिवसभर चुलीपुढं उभं राहून
इतक्या लांब आलेलं माणूस भांडणारच.

"पायरी नाही चुकली.
तुम्ही ज्यानं गुणलं, तेच शून्य निघालं.
शून्यानं गुणलं की, बाई,
पाच आणि पन्नाससुद्धा सख्खे भाऊ होतात."

खाली बसले. आणि आठवली
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची शाळा.
कर म्हणून गावातलं एक लेकरू आलं नाही.
तांदूळ धुतलेला, ताटं पालथी.
वहीतला रकाना: दर लेकरामागं तांदूळ किती.
मी तो कोराच सोडला.

हेडमास्तर चिडले, शून्य लिहायला काय जातं तुमचं?
मला सांगता आलं नाही तेव्हा.
शून्य म्हणजे लेकरं आली, रांगेत बसली,
आणि तशीच उठून गेली.
तसं झालं नव्हतं.
उपाशी राहायलासुद्धा कुणी नव्हतं त्या दिवशी.

वही उघडली. तीनवर आडवी रेघ ओढली,
पण वाचता येईल एवढी हलकी.
खाली लिहिलं, उकल नाही.

लाईट गेली तेवढ्यात.
अंधारात अनसूया विचारत होती,
असं लिहिलं तर मार्क देतात का, सर,
का कापतात?