गळती

अठरा एमएमचा एमडीएफ, कुर्ल्याच्या वखारीतून
कापून घेऊन रिक्षात आडवा घातला.
रिक्षावाला म्हणाला, देव्हारा करताय का?
मी हो म्हटलं. सोपं पडतं.

आता सहा फळ्या एकमेकींना धरून उभ्या
भांडुपच्या आमच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मध्ये.
रामसजीवनचे चार क्लॅम्प, सोमवारपर्यंत उसने.
सांध्यांतून फेविकॉल बाहेर आलाय, तिथंच गोठलाय.
तो नखानं खरवडत शलाका म्हणते,
दादा, यात माणूस मावेल.
माणूस नाही गं. पंचावन्न लिटर हवा.
तीही अशी कोंडायची
की तिला कुठून पळताच येऊ नये.

भुसा फेविकॉलात कालवून स्क्रूची डोकी बुजवली.
काचपेपर ऐंशीचा, मग एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा.
धूळ रिमोटवर, धूळ पोह्यांत,
धूळ आईच्या चष्म्यावर, आणि आई गप्प,
म्हणजे रविवारपर्यंतची मुदत.
आतल्या कोपऱ्यांतून सिलिकॉनची रेघ
साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ओढली.
खिडकी सताड उघडी, तरी तो आंबट वास;
पाडळकरकाकूंनी जिन्यातून विचारलंच,
लोणचं बिघडलं का हो तुमचं?

बारावीच्या निकालादिवशी
जिच्यात तोंड खुपसून पडलो होतो
ती उशी फाडली, पिंजून आत भरली.
मग लॅमिंग्टन रोडचा बारा इंची स्पीकर,
कडेला फोमची पट्टी,
आठ स्क्रू, समोरासमोरचे आळीपाळीनं पिळत.

तीस हर्ट्झ लावलं.
कोन थरथरला, मांडणीतले पेले बोलू लागले,
आणि त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी
सूं.

पंखा बंद करून अगरबत्ती फिरवली
एकूण एक सांध्यावरून.
आई म्हणाली, आंघोळ तरी करायचीस.
धूर सरळ वर गेला,
जणू खोलीत काही चाललेलंच नाही.

आबा तेव्हा उठले.
एकतीस वर्षं पाणी खात्यात, रात्रपाळीला.
दीडनंतर रस्ता निजला की
लोखंडी सळई जमिनीवर टेकवायची, वरचं टोक कानाला,
आणि डांबराखाली पाणी कुठं निसटतंय ते ऐकायचं.
तिथं खडूची फुली. सकाळी खोदणारे येत.
डावा कान त्यातच गेला की वयानं,
कुणी कधी तपासलं नाही.

त्यांनी माझा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला.
टोक लाकडावर, मूठ उजव्या कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
आईनं फ्रीज बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं.
वरची फळी. डावी. उजवी.
गुडघे धरून खाली बसले, मागे गेले,
पुन्हा थोडे अलीकडे आले.
खिशातली पेन्सिल काढून बारीक फुली मारली,
वायर आत शिरते तिथं.

सांध्याला सगळे जपतात, म्हणाले.
कनेक्शन घेतात ना, तिथं गळतं.

एम-सील मळलं. त्यांना ते कच्चं वाटलं,
माझ्या हातातून घेऊन
पुन्हा मळलं, रंग एक होईपर्यंत,
अंगठ्यानं दाबून बसवलं,
आणि अंगठा लुंगीला पुसला.

दुसऱ्या दिवशी काळा रंग, दोन हात.
मागच्या फळीवर फुली आली
तिथं ब्रश वळवून घेतला.
ती बाजू भिंतीकडेच राहणार.

संध्याकाळी कोनावर चार बोटं ठेवून अलगद दाबलं.
गेला आत. सोडला,
तर परत यायला त्यानं वेळ घेतला,
दुपारच्या झोपेतून कुणी उठावं तसा.
आबांनीही दाबून बघितलं.
मग परत एकदा.
तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा म्हटलं,
आबा, पुरे, रंग ओला आहे.

थांब, म्हणाले.