निळ्यानंतर सहा सेकंद

मेडिकलच्या नेत्रविभागात खोली क्रमांक एकोणीस.
खिडकीला काळा कागद, फटींना चिकटपट्टी,
तरी मे महिन्याचं ऊन कुठूनतरी
सुईएवढं आत येतंच.
मी त्यावर बोट ठेवते.

आधी दहा मिनिटं नुसता अंधार.
दिवस विसरायला डोळ्याला तेवढी लागतात.
बाहेर कुलरची धार, कुणीतरी नंबर पुकारतंय,
आत आम्ही दोघी.
पार्बताबाई निमजे, वय एकोणसत्तर, पाचपावली.
चाळीसेक वर्षं सूत रंगवलं.

"निळा सगळ्यात खोडील, पोरी.
ओला असला का खोटं बोलते.
वाळला का मंग समजते काय झालं तं."

थोड्या वेळानं, न विचारताच:
"मले तं सगळं दिसते.
परवा सायकलीले धडकली म्हणून पोरानं आणलं.
आता सायकल होती बाजूले,
समोर थोडीच होती?"

मी अंधारात मान हलवते. त्यांना ती दिसत नाही.

हनुवटी इथे. कपाळ टेकवा. पापणी नका मिटू.

लाल. एक सेकंद.
बाहुली दचकते, मोहरीएवढी होते,
दिवा गेला की पुन्हा मोठी.
बरोबर.

निळा. एक सेकंद.
पुन्हा मोहरी.
दिवा गेला. खरी तपासणी आता,
काहीच नसताना.
धडधाकट बाहुली निळा गेल्यावर लगेच उठत नाही;
पाहुणा फाटकाबाहेर पडला तरी
आपण दारात उभे असतो, तशी
थांबते, सहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त.
एक.
दोन.
यांची तिसऱ्यालाच मोकळी.

दुसरा डोळा. तेच.
परत पहिला, माझंच चुकलं असेल म्हणून.

हे थांबणं ज्या पेशी सांभाळतात
त्या चेहरे ओळखत नाहीत, अक्षरं वाचत नाहीत,
बाहेर उजेड किती, एवढंच आत कळवतात.
त्या कमी झाल्या तर कोण हाक मारणार?

ट्यूबलाइट लावली.
पडद्यावर दोन रेषा, एक लाल, एक निळी.
त्यांच्यात बोटभर अंतर पडायला हवं होतं.
मला बोलायची परवानगी नाही,
सांगतील ते डॉक्टर, वरच्या मजल्यावर, दोन वाजल्यानंतर.

पार्बताबाई चष्मा चढवून वाकल्या.
नखांच्या कडांना अजून नीळ.
"काहून वो,
दोन्ही धागे एकाच गंजातून काढले काय?"

मी प्रिंटरची तार नीट केली. ती नीटच होती.
कागद आला. त्यांनी अंगठा लावला,
निळी रेष थोडी फिसकटली.

"ओला हाये अजून," त्या म्हणाल्या,
आणि तो पंख्याखाली धरून
उभ्या राहिल्या.